सेवक, साहेब आणि अनुयायी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक जुना प्रश्न

१

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. ई. जोसेफिन इंकस्टर यांनी तिचे केलेले इंग्रजी भाषांतर १९५० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केले. त्याला नाव दिले गेले ‘आय फॉलो आफ्टर’. मूळ मराठी शीर्षकात ‘मागे जाणे’ कोठेही नाही. तेथे आहेत त्या केवळ आठवणी आणि त्यांची चित्रे. मग भाषांतरात हे ‘अनुगमन’ आले कोठून, आणि ते कोणाच्या मागून?

पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना हा प्रश्न आम्ही अनेकदा विचारला आहे. उत्तर बहुधा एकच येते : नवऱ्याच्या मागून. नारायण वामन टिळक पुढे गेले, घर सोडले, धर्म सोडला आणि लक्ष्मीबाई मागून आल्या. हे उत्तर वरवर पाहता खोटे नाही. मात्र बायबलशी परिचित असलेल्या इंग्रजी वाचकाला ते तीन शब्द वेगळे ऐकू येतात. १६११ च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, पौल स्वतःविषयी हेच शब्द वापरतो. आपण अजून पोहोचलो नाही, परिपूर्ण झालो नाही, पाठलाग मात्र चालू आहे, असा तेथील आशय आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही निमूटपणे मागे चालणे असा नसून पाठीस लागणे, धावून गाठू पाहणे असा आहे. म्हणजे एकाच शीर्षकात दोन वाचने आहेत. एक पतीच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीचे, दुसरे स्वतःच्या पायांनी धावणाऱ्या साधकाचे.

मराठीत ‘अनुगमन’ हा शब्द निष्पाप नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत सहगमन आणि अनुगमन हे शब्द पतीच्या चितेशी जोडलेले आहेत. स्त्रीने ‘मागे जावे’ असे म्हणताना आपल्या भाषेने एके काळी काय अभिप्रेत धरले होते, हे विसरून चालत नाही.

हा विषय आमच्या वर्गात अधिक धारदार झाला तो एका विद्यार्थिनीमुळे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरातली ही मुलगी. ख्रिस्ती मंडळीतील पुढारी हा ‘सेवक’ असतो, नेतृत्व म्हणजे सेवा, असे आम्ही मोठ्या समाधानाने सांगत होतो. तिने शांतपणे विचारले, “सर, सेवक व्हायला आधी मालक असावं लागतं का? आमच्या पणजोबांना कोणी ‘सेवक व्हा’ असं सांगायची गरजच नव्हती.”

त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा, उशिरा का होईना, एक प्रयत्न आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूचे दोन शिष्य त्याच्या उजव्या-डाव्या हाताला बसण्याची जागा मागतात आणि बाकीचे दहा त्यांच्यावर रागावतात. त्यावर येशू जे सांगतो त्यात ग्रीक भाषेतील दोन शब्द येतात. पहिला ‘डायाकोनोस’, म्हणजे पंगतीत वाढणारा, हाताखालचा सेवक. दुसरा ‘डूलोस’, म्हणजे विकत घेतलेला गुलाम. मराठी बायबलने या दोहोंना अनुक्रमे ‘सेवक’ आणि ‘दास’ हे शब्द योजले. ‘दास’ या शब्दाला मराठीत आधीच मोठी भक्तिपरंपरा होती. नवविधा भक्तीत दास्य आहे, समर्थांनी तर ते नावातच घेतले. त्यामुळे ग्रीक शब्दातला गुलामांच्या बाजाराचा वास मराठीत येताना बराचसा उडून गेला आणि उदबत्तीचा वास राहिला.

व्यवहारात मात्र निराळेच शब्द रूढ झाले. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, अर्थ ‘पिता’. ‘पाळक’ म्हणजे मेंढरे राखणारा. ‘रेव्हरंड’ म्हणजे पूज्य, वंदनीय. आणि या सर्वांच्या मागे मराठी जिभेने एक ‘साहेब’ जोडून टाकला : पाळकसाहेब, मिशनरीसाहेब. गंमत अशी की, युरोपीय भाषांत ‘मिनिस्टर’ या शब्दाचा लॅटिन उगम ‘नोकर’ असाच आहे. सेवकाचे नाव घेऊन माणसे सत्तेच्या खुर्चीवर बसली, की शब्दाचे मूळ कोणाच्या लक्षात राहत नाही. चर्चमध्येही तसेच झाले. दाराबाहेर ‘सेवाकार्य’ ही पाटी आणि दाराआत ‘साहेब’ हे संबोधन, हा आपल्याकडील मंडळ्यांचा जुना अंतर्विरोध आहे.

याला ऐतिहासिक कारण होते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ साली त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे मांडले. तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागले. शाळा, दवाखाने, छापखाना, दुष्काळातील अन्नछत्रे यांनी सेवा खरोखरीच झाली, ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पगार देणारा हात परका होता आणि घेणारा हात देशी. सेवा करणारा वर आणि सेवा घेणारा खाली, अशी ही रचना होती. ‘सेवक’ म्हणविणाऱ्याच्याच हाती तिजोरीची किल्ली असली, तर अनुयायाला ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘होय’ला काय अर्थ?

३

या ठिकाणी पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक माता. पुढे चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला आणि बिशपांनी हरकत घेतली. नवख्रिस्ती हिंदू स्त्रीने आज्ञाधारक असावे, वडीलधाऱ्यांच्या मागून चालायला शिकावे, अशी अपेक्षा होती. १८८५ सालच्या पत्रव्यवहारात रमाबाई जे उत्तर देतात त्याचा आशय असा : मोठ्या कष्टाने आपण आपल्याकडील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडविली आहे. आता तसेच दुसरे जोखड, ईश्वराची आज्ञा म्हणून, मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो मुळातून वाचण्याजोगा आहे.

रमाबाई ‘अनुयायी’ नव्हत्या काय? होत्या. परंतु कोणाच्या मागे जायचे आणि कोणाच्या मागे जायचे नाही, हा विवेक हाच त्यांच्या अनुगमनाचा पहिला धडा होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले, १८९० मध्ये ते पुण्यास गेले आणि पुढे केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. १८९६-९७ चा मध्य प्रांतातील आणि नंतर १९०० चा गुजरातेतील दुष्काळ यांतून रमाबाईंनी शेकडो मुली-स्त्रिया वाचवून आणल्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुक्तीतील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात होती.

आम्हांस येथे संख्येपेक्षा महत्त्वाची वाटते ती कामाची रीत. या स्त्रिया केवळ अन्न घेणाऱ्या राहिल्या नाहीत. त्या विणकाम, शेती, छपाई शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या हातांनी जुळविले आणि छापले गेले. साध्या शिकलेल्या बाईलाही कळावे, अशी सोपी मराठी त्यांनी हेतुतः स्वीकारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या स्त्रियांना कालपर्यंत कोणी अक्षर दाखविले नव्हते, त्यांनी खिळे जुळवून शास्त्र छापावे, आणि ते काम पुढारी स्त्रीच्या मृत्यूनंतर पुरे व्हावे, ही सेवेची एक कसोटीच म्हणावी लागेल. सेवा घेणारा उद्या स्वतः काही करू लागतो की नाही, एवढेच ती कसोटी विचारते.

४

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. देवाने सेवक होणे ही कल्पना मराठी माणसाला ख्रिस्ती धर्माने प्रथम सांगितली, असे मुळीच नाही. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कृष्ण पाणी भरतो, गंध उगाळतो. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी तो विठू महार होऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरून येतो. या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांतील वात्सल्य अस्सल आहे.

तथापि विठू महाराच्या कथेपाशी थोडे थांबावे. देव महार होतो, काम करतो, आणि पावती ठेवून नाहीसा होतो. देवाचे सोंग उतरते. खऱ्या महाराचे काय? त्याला ते रूप उतरवून ठेवता येत नाही. पांढरीतील पडेल ते काम, निरोप पोहोचविणे, वेठ, हे त्याच्या वाट्याला जन्माने आलेले. महार वतनाच्या या बेडीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. अहमदनगर भागातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे आली ती महार-मांग समाजांतून, म्हणजे सेवा ज्यांच्यावर लादलेली होती अशांतून. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती १८७३ साली. द्विजांची सेवा हाच शूद्रांचा धर्म, या शिकवणीवर त्यांनी केलेला घाव सर्वांस ठाऊक आहे. अशा माणसांना व्यासपीठावरून ‘दास व्हा’ असे सांगणे म्हणजे काय, याचा विचार उपदेशकांनी फारसा केलेला दिसत नाही.

सोंगाची ही अडचण आधुनिक विचारालाही सुटलेली नाही. ‘सेवक-नेतृत्व’ ही आज व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि चर्चच्या शिबिरांत सारख्याच उत्साहाने उच्चारली जाणारी संज्ञा रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थाने १९७० सालच्या एका निबंधात रूढ केली. त्याला ती सुचली हेर्मान हेसेच्या, १९३२ साली आलेल्या, पूर्वेकडील यात्रेच्या कादंबरिकेवरून. तीत लिओ नावाचा नोकर यात्रेकरूंचे सामान वाहतो, गाणी गातो. तो नाहीसा होताच मेळा विखुरतो. पुढे कळते की, तो नोकर म्हणजेच त्या पंथाचा प्रमुख होता. कथा सुंदर आहे. पण तिचा कळस पुन्हा तोच : नोकर ‘खरा’ नोकर नव्हताच! श्रीखंड्या काय, विठू महार काय, लिओ काय, आपल्याला भावतो तो सेवक नव्हे, तर सेवकाच्या वेषातला राजा.

योहानाच्या तेराव्या अध्यायातील पाय धुण्याचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा, असे आम्ही सुचवू. आपल्याकडे शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो, येथे गुरू शिष्यांचे पाय धुतो. एवढी उलटापालट तर सर्वच प्रवचनकार सांगतात. परंतु त्या प्रसंगात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, येशू सोंग घेत नाही. गुरू आणि प्रभू ही आपली ओळख तो लपवीत नाही. दुसरी, शेवटी तो शिष्यांना सांगतो ते ‘थोरांनी लहानांचे पाय धुवावेत’ असे नसून ‘एकमेकांचे’ पाय धुवावेत, असे आहे. सारा भार त्या ‘एकमेकां’वर आहे. आणि पेत्र अडतो तो पाय धुण्यास नव्हे, धुऊन घेण्यास. अनुयायी होण्यातला अवघड पाठ हाच आहे : दुसऱ्याच्या हाती आपला मळलेला पाय देणे. जो केवळ देत राहतो आणि कधीच घेत नाही, तो नम्र दिसला तरी वरच्याच पायरीवर असतो.

५

या कसोटीवर टिळक पतिपत्नींची हकीकत लावून पाहता येईल. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ते अमेरिकन मिशनमध्ये अहमदनगरला शिकवू लागले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी, भजन आणले. ख्रिस्ताला माऊली म्हटले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. मराठी मंडळीने आपल्या जिभेने गावे, परक्याच्या मागून बोबडे बोलू नये, असा त्यामागे आग्रह होता.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांचा तो एक बंधुसंघ असावा, ही कल्पना होती. ‘दरबार’ हा शब्द राजेशाही खरा, पण या दरबारात गादीवर बसणारा एकच, तो म्हणजे देव. म्हणजे बाकी साऱ्यांचे साहेबपण आपोआप खालसा! पगाराची दोरी तोडल्याशिवाय ‘सेवक’ हा शब्द खरा होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मात्र मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ज्या संघटनेचा प्राण एकाच माणसात असतो, तिचा हाच शेवट होतो. मागे चालणारे होते, पण पुढे चालण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती.

तरी एक बीज रुजले. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्याने अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. पुढे हा संघ पुण्यास गेला. व्हेरियर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते याच संघात. युरोपीय आणि हिंदी माणसांनी एका छपराखाली, सारखे अन्न खाऊन, समान नात्याने राहावे, हा त्याचा पाया होता. टिळकांच्या अभंगांपाशी एका इंग्रज पाद्र्याने शिकायला बसावे, हे त्या काळी लहान पाऊल नव्हते. पाय धुऊन घेण्याची पाळी येथे साहेबावर आली.

आणि लक्ष्मीबाई? टिळकांची उदारता अपार होती, पण तिचा खर्च कोण सोसत होते, ते ‘स्मृतिचित्रे’ हसतहसत सांगते. आलेले पैसे वाटून टाकणारा सेवक बाहेर वंदनीय ठरतो, तेव्हा घरात डब्याच्या तळाशी हात घालणारी कोणीतरी असते. लक्ष्मीबाईंची महत्ता अशी की, त्यांनी या माणसाची पूजाही बांधली नाही आणि त्याच्यावर सूडही उगविला नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर चार-पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही काही काळ आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी निराळे ठेवले. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराशी त्या स्वतः झगडल्या, आणि तो भेद मनातून गळाल्यावरच पुढे गेल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो नवरा ख्रिस्ती झाला म्हणून नव्हे. म्हणूनच त्यांचे ‘मागे जाणे’ हे धर्मशास्त्रातले अनुगमन नाही, पौलाचे आहे.

टिळकांनी १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने पहिल्या दहाबारा अध्यायांच्या आतच थांबले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले. पुढाऱ्याने थोडे चालावे आणि अनुयायाने त्याहून पुष्कळ पुढे जावे, असे उदाहरण आपल्या वाङ्मयेतिहासात विरळा. टिळकांनी अक्षरे दिली, हे त्यांनी केलेले पाय धुणे होते. ती अक्षरे लक्ष्मीबाईंनी त्यांच्या अपुऱ्या काव्याला परत दिली.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही एवढेच सांगू : सेवक होण्यासाठी आधी मालक असावे लागत नाही. पण जेथे एकानेच नेहमी वाकायचे आणि दुसऱ्याने नेहमी बसायचे असते, तेथे सेवा नसते. तेथे वेठ असते, किंवा सोंग असते. तुझ्या पणजोबांना ‘दास व्हा’ असे सांगणाऱ्याने त्यांच्यासमोर आधी आपले पाय धुऊन घेण्यासाठी नव्हे, तर त्यांचे पाय धुण्यासाठी बसायला हवे होते, आणि नंतर घंगाळ त्यांच्या हाती देऊन स्वतः त्यांच्याकडून शिकायलाही हवे होते. काहींनी ते केले. पुष्कळांनी केले नाही. मराठी मंडळीचा इतिहास लिहिताना या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवणे, हे आता आपल्यासारख्या शिकविणाऱ्यांचे काम आहे.